काळजी वाटते की काळजी घेता?

प्रबंधाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी लालबागच्या एका चाळीतून मला जवळजवळ हाकलून दिलं. हातात संमतीपत्रांची फाइल, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आणि तोंडात पाठ केलेलं वाक्य, “आजी, इथे फक्त एक सही हवी होती.” आजींनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं आणि आत हाक दिली, “अरे, बिल्डरची माणसं आलीत सहीला!” दोन मिनिटांत गॅलरीत सात-आठ जण जमले. एका काकांनी फाइल चाळली, कॉलेजचं नाव दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “ताई, कमिटीला विचारल्याशिवाय इथे कोणी कशावर सही करत नाही. तुम्ही या आता.”

त्या संमतीपत्रावर आमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनात माणसांशी नीट वागलं जातंय ना ते पाहणाऱ्या समितीने, तीनदा दुरुस्त्या काढल्या होत्या. अक्षर मोठं करा, भाषा सोपी करा, निरक्षर माणसाचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार ठेवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साक्षीदाराचं कलम आहे आणि ते असायलाच हवं. पण पुनर्विकासाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेल्या चाळीत ‘सही’ या शब्दाने माणसं कशी सावध होतात, हे त्या टेबलाभोवती कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मी तेव्हा ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर वर्गात होते आणि हा माझा प्रबंध होता. मराठीत आमच्या विषयाला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. ते ऐकून सोलापूरच्या माझ्या मामाने विचारलं होतं, “म्हणजे तू लोकांना नोकऱ्या लावून देणार का?” नुसतं ‘ओटी’ म्हटलं तर हॉस्पिटलमधलेच लोक ऑपरेशन थिएटरकडे बोट दाखवतात. माणूस सकाळी उठल्यापासून जे जे करतो, अंघोळ, स्वयंपाक, देवपूजा, बाजार, नातवाला शाळेत सोडणं, ते सगळं आमच्या लेखी ‘ऑक्युपेशन’. आजाराने, वयाने किंवा अपघाताने ते अडलं की पुन्हा कसं जमेल ते शोधायचं, हे आमचं काम.

गंमत म्हणजे हा विषय या देशात रुजला तो परळमध्येच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून इथल्याच होऊन गेलेल्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. आशियातली ती पहिली शाळा. (फलटणच्या कमला निंबकर बालभवनाचं नाव ऐकलं असेल, तर त्या याच.) १९५२ मध्ये आमच्या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आणि मला हाकलणारी चाळ केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे आमच्या विषयाचं नाव कुणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं.

प्रबंधाचा विषय सापडला वॉर्डात. बी.ओ.टीएच. या आमच्या पदवीच्या साडेचार वर्षांतले शेवटचे सहा महिने तेव्हा इंटर्नशिपचे असायचे. त्यात खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एक बाई माझ्याकडे होत्या. वॉकर घेऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येत. रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात ते मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्सवर त्यांना उत्तम गुण देऊन आम्ही हसतमुखाने घरी पाठवलं. दोन महिन्यांनी मुलगा एकटाच आला. आई कॉटवरून खाली उतरतच नाही म्हणाला. पायाला काही झालेलं नव्हतं. “परत पडले तर?” एवढंच त्यांचं म्हणणं. धास्तीने माणूस हलायचं थांबतो, हलणं थांबलं की पायातलं बळ जातं आणि मग तो खरोखरच पडतो. परीक्षेत मी हे चक्र बाणबिण काढून लिहिलं होतं, आणि बाईंना घरी पाठवताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ही धास्ती मोजायची एक प्रश्नावली आहे, फॉल्स एफिकसी स्केल इंटरनॅशनल. २००५ मध्ये युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने ती प्रसिद्ध केली. रोजची सोळा कामं, प्रत्येकाला एक ते चार गुण. म्हणजे अगदी निर्धास्त माणूस १६ वर आणि पुरता धास्तावलेला ६४ वर. माझ्या हातात इंग्रजी प्रत होती आणि समोर मराठी माणसं. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “भाषांतर कर, आणि ते भाषांतर खरंच तेच मोजतंय का ते तपास. सहा महिन्यांचं काम आहे.” सव्वा वर्ष लागलं.

अशा भाषांतराची रीत ठरलेली असते. दोघांनी एकमेकांना न विचारता मराठी करायचं, मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा बनवायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने त्याचं परत इंग्रजी करायचं. मग जाणकारांची समिती बसते. कागदावर आमचं सगळं सुरळीत पार पडलं. मूळ प्रश्नात ‘कन्सर्न्ड’ असा शब्द आहे. प्रश्नावलीच्या कर्त्यांनी बजावून ठेवलंय की इथे भीती, घबराट असले भावनेने ओथंबलेले शब्द नकोत, पडण्याच्या शक्यतेचा जो जाणता विचार मनात असतो तो पकडायचाय. आमच्या दोन्ही भाषांतरकारांनी लिहिलं, ‘तुम्हाला पडण्याची किती काळजी वाटते?’ परत इंग्रजी झालं तेही जवळपास तेच आलं. समितीने माना डोलावल्या. मी चहा मागवला.

दरम्यान चाळीतलं प्रकरण निस्तरायचं होतं. संमतीपत्राच्या अगदी वर एक ओळ घातली, ‘या कागदाचा घर, भाडे किंवा पुनर्विकास यांच्या कोणत्याही व्यवहाराशी संबंध नाही.’ ओळ एकच, पण संमतीपत्रातला काना-मात्रा बदलला तरी कमिटीची मंजुरी परत घ्यावी लागते. त्यात महिना गेला. मग चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना भेटले, त्यांनी फळ्यावर खडूने माझं नाव आणि वार लिहिला. फळ्यावर नाव लागल्यावर कुणी काही विचारलं नाही. उलट ‘फळ्यावरची मुलगी’ म्हणून मला ओळखू लागले.

ज्येष्ठ नागरिकांच्या भजन मंडळातही गेले होते, तिथले एक पदाधिकारी अभिमानाने म्हणाले, “आम्ही सगळ्यांना गुंतवून ठेवतो.” मला वर्गात शिकवलेला लॉस एंजेलिसचा अभ्यास आठवला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लोरेन्स क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या ३६१ जणांचे तीन गट केले. एका गटाला नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी, दुसऱ्याला नुसते गप्पागोष्टींचे, करमणुकीचे कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाची तब्येत आणि उमेद सरस ठरली. दुसरा आणि तिसरा गट जवळपास सारखेच निघाले. नुसतं गुंतवून ठेवण्याने फार काही होत नाही. पण हे मी त्या गृहस्थांना सांगितलं नाही. त्यांच्याकडून मला दहा-बारा माणसं मिळायची होती, आणि चहा फार चांगला होता.

मुलाखतींची पद्धत अशी की प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, “या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला ते तुमच्या शब्दांत सांगा.” पहिल्याच आजी मूळच्या देवगडकडच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी घरातच कामगारांची खाणावळ चालवलेली. पंचाहत्तरीच्या आसपास, काटक. मी वाचलं, “घर झाडताना-पुसताना तुम्हाला पडण्याची किती काळजी वाटते? अजिबात नाही, थोडी, बऱ्यापैकी, की खूप?”

“खूप.”

“अंघोळ करताना?”

“खूप.”

“खुर्चीतून उठताना?”

“खूप गो.”

मी चौकटींमध्ये चार, चार, चार भरत गेले. असंच चाललं असतं तर आजी चौसष्टला पोचल्या असत्या. आणि याच आजींना मी थोड्या वेळापूर्वी भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना पाहिलं होतं. नेमाप्रमाणे विचारलं, “आजी, खूप म्हणजे काय, जरा सांगाल का?”

“खूप म्हणजे खूप काळजी घेतंय. मी जपान चलतंय. म्हणान तर अजून पडूक नाय!”

मला दरदरून घाम फुटला. ‘काळजी वाटणं’ आणि ‘काळजी घेणं’. मराठीत एकाच शब्दाला दोन तोंडं, आणि काळजी वाटणारा माणूस नि काळजी घेणारा माणूस एकमेकांच्या उलट टोकाचे. चाळीतली सगळ्यात निर्धास्त बाई माझ्या कागदावर सगळ्यात घाबरट ठरत होती. पुढच्या तिघींनी तेच केलं. दोन भाषांतरकार, एक उलटभाषांतरकार आणि अख्खी समिती यांच्या हातून निसटलेली गोष्ट गॅलरीत दहा मिनिटांत उघडी पडली.

मग शब्द शोधणं सुरू झालं. ‘भीती’ मूळ सूचनेतच बाद. ‘चिंता’ म्हटलं तर एक काकू म्हणाल्या, “चिंता मुलाच्या नोकरीची असते, पडायची कसली चिंता?” ‘धसका’ म्हणजे आधी काहीतरी झालेलं असलं पाहिजे. ‘धाकधूक’ निकालाच्या आदल्या दिवशी होते. ‘धास्ती’ मला आवडला होता, समितीला जड वाटला. शेवटी शब्द सापडलाच नाही, वाक्य सापडलं, आणि तेही आमच्यापैकी कुणाचं नव्हतं. निवृत्त गिरणी कामगार असलेले एक आजोबा जिन्याबद्दल बोलता बोलता म्हणाले, “उतरताना मनात येतं ना, की आपण पडू की काय.” तेच उचललं. ‘हे काम करताना “आपण पडू की काय” असं तुमच्या मनात किती येतं?’ यावर समितीतल्या एका सरांनी हरकत घेतली की ‘किती येतं’ म्हणजे किती वेळा असा अर्थ होईल. हरकत चुकीची नव्हती. पण गॅलरीत परत विचारून पाहिलं तेव्हा लोक ‘किती जोरात’ अशाच अर्थाने उत्तर देत होते. ठेवलं.

या आजोबांनीच उत्तरांच्या पर्यायांवरही बोट ठेवलं. “थोडं आणि बऱ्यापैकी यांत मधे रेघ कुठे मारायची? त्यापेक्षा चार आणे, आठ आणे, बारा आणे असं विचार की.” आणि स्वतःच जिन्याला बारा आणे, बाजाराला चार आणे देऊन मोकळे झाले. १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणा व्यवहारातून कधीच गेला, पण माप म्हणून त्यांच्या डोक्यात अजून तोच होता. मी खूश होऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आज जे साठीचे आहेत त्यांना आणा फक्त म्हणीतून माहीत, प्रश्नावली त्यांनाही चालली पाहिजे. बरोबर होतं. क्लिनिकमध्ये ऐंशीच्या पुढचं कुणी आलं की मी अजूनही वेदना आण्यांत विचारते.

सोळा कामांपैकी काही आमच्याकडे जशीच्या तशी बसली. काहींनी छळलं. ‘घर साफ करणं’ हे मूळ यादीतलं एकच काम, पण इथे केर काढतात कमरेत वाकून आणि लादी पुसतात उकिडवं बसून, मागे सरकत. दोन्हींत तोल जाण्याची तऱ्हा वेगळी. ‘गर्दीच्या ठिकाणी चालणं’ लालबागमध्ये विचारलं की समोरून प्रश्न येतो, “गणपतीत की एरवी?” आणि दहावा प्रश्न, फोनची रिंग थांबण्याआधी तो घ्यायला जाणं. आजोबांचा मोबाइल खिशात. पण देवगडच्या आजींचा दाराजवळच्या स्विचबोर्डला लटकलेला, आणि फोन लेकीचा चिपळूणहून, तोही दुपारी, आजी आडव्या झालेल्या असताना. “वाजता वाजता बंद झालो तर परत कोण लावतला?” म्हणून त्या धावत. मात्र चाळ खरी धावते ती पाणी आल्यावर. पहाटे नळ खळखळला की झोपेतून उठून, चष्मा न लावता, ओल्या गॅलरीतून. ते या यादीत नाही. जमिनीवर बसणं-उठणं नाही, पोटमाळ्याची शिडी नाही, रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जाणं नाही. मी हट्ट धरला की घालूया. मॅडमनी सांगितलं की प्रश्न वाढवलेस तर चौसष्टपैकीचे तुझे गुण जगातल्या कुणाच्याही गुणांशी ताडता येणार नाहीत, मग भाषांतर केलंस कशाला? “जोडपत्र कर. स्कोअरला हात लावू नकोस.” त्या जोडपत्रात मी चार प्रश्न टाकले. खरं सांगायचं तर मुख्य सोळांपेक्षा त्या चारांवर लोक जास्त बोलले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एका सूचनेवरून. एखादं काम तुम्ही आता करत नसाल तर, केलं असतं तर काय वाटलं असतं ते सांगा, असं प्रश्नावली म्हणते. त्याला कारण आहे. घाबरून बाजारात जाणंच सोडलेल्या माणसाने ‘मला काही वाटत नाही’ म्हटलं तर सगळा हिशेबच चुकतो. पण एका आजींनी मला सरळ सांगितलं, “जात नाही म्हणजे नाही जात. सून आणते. जर-तरच्या गोष्टी कशाला?” मी परत विचारलं. त्यांनी परत तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या जरा थांबल्या आणि बाहेर बघत म्हणाल्या, “आधी जायचे मी. कोळणीकडे भाव करायला मजा यायची.” त्या दिवशी चौकट रिकामी ठेवून मी खाली उतरले.

पुढचा टप्पा, त्याच माणसांना पंधरा दिवसांनी तेच प्रश्न विचारायचे. माणूस तोच, उत्तरं तीच, तर साधन भरवशाचं. माझी पहिली फेरी मेअखेरीस झाली आणि दुसरी जूनच्या मध्यावर. मधे पाऊस पडला. गॅलरीत शेवाळ, जिन्याला ओल, छताला गळती. उत्तरं सगळी वर सरकली. मी आकडे घेऊन रडकुंडीला आले. मॅडमनी तक्ता पाहिला आणि हसल्या. “त्यांची धास्ती खरंच वाढली असेल तर प्रश्नावलीने बरोबरच मोजलंय. चूक तुझ्या कॅलेंडरची आहे.” ती फेरी बाजूला ठेवून दिवाळीनंतर दुसऱ्या माणसांबरोबर दोन्ही फेऱ्या नव्याने केल्या.

त्या पावसातच एक गोष्ट घडली. देवगडच्या आजींची अंघोळ मोरीत, पाटावर बसून. उठून मोरीचा कठडा ओलांडताना एका हातात रिकामी बादली आणि दुसरा हात भिंतीतल्या खुंटीवर. टॉवेलची खुंटी. मी सहज हात लावून पाहिला तर ती गोल फिरली. अख्ख्या बाईचा भार रोज त्या फिरत्या लाकडावर, आणि पुढे गुळगुळीत लादीवर सुटं पायपुसणं. आता नियम असा की फेऱ्या संपेपर्यंत मी कुणाला सल्ला द्यायचा नाही. दिला तर दुसऱ्या वेळची उत्तरं बदलतात. मी जिन्यातूनच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “तू आधी थेरपिस्ट आहेस. त्यांचं नाव यादीतून काढ आणि मोरी बघ.” नाव काढलं. चाळीतल्याच सुताराकडून खुंटी उपटली, हार्डवेअरच्या दुकानातून दाराचं भक्कम स्टीलचं हँडल आणून आजींच्या कोपराच्या उंचीवर उभं ठोकलं. उंची ठरवायला त्यांना तीनदा कठडा ओलांडायला लावला. पायपुसणं बाहेर गेलं, रबरी चटई आली. बादली आधी बाहेर ठेवायची, मग पाऊल. मोबाइलची जागाही कॉटच्या उशाशी आणली आणि सांगितलं, “आजी, वाजला तरी वाजू दे. सावकाश उठा, मागून लावा.”

“मागसून लावलंय तर पैसे माझे जातत,” त्या म्हणाल्या. रिचार्जमध्ये बोलणं फुकट असतं, हे पटवायला हँडल ठोकण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “हे भाषांतर आहे. यात ऑक्युपेशनल थेरपी कुठे आहे?” मी काळजीची गोष्ट सांगितली, लादी पुसायची सांगितली. त्यांनी जोडपत्र उलटून पाहिलं, नळाच्या पाण्याच्या प्रश्नाशी थांबले आणि म्हणाले, “माझी आई अशीच पडली होती.” मग पुढचं पान उलटून विचारलं की नमुन्याचा आकार कसा ठरवला. तो प्रश्न मला बरा गेला नाही.

प्रबंध बांधून झाल्यावर आजींना सांगावं म्हणून एका दुपारी फोन केला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला, तेच. चिपळूणला गेल्या असतील, की काही झालं असेल, असं मनात येतंय तोवर त्यांचाच फोन आला.

“आजी, मी दोनदा लावला. बऱ्या आहात ना?”

“बरी आसंय. ऐकत होतंय मी,” त्या म्हणाल्या. “तूच म्हणाली होतंस ना, वाजू दे.”